बजीची जोडी, वाढत जाणारी पिल्लं आणि घरातला खोकला

तीन महिने खोकला जात नाही म्हणून पन्नाशीच्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. खोकला कोरडा, जिना चढताना धाप, वजनही थोडं उतरलेलं. खोकल्याची औषधं झाली, इनहेलर झाला, फरक नाही. तिसऱ्या भेटीत सोबत आलेला मुलगा सहज म्हणाला, "आईचा अर्धा दिवस पाखरांचे पिंजरे साफ करण्यातच जातो." दोन वर्षांपूर्वी घरात एक जोडी आणली होती. आता काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत १९ पक्षी होते. पहिल्या दोन भेटींत मी पक्ष्यांबद्दल विचारलं नव्हतं, आणि खोकल्याशी त्यांचा काही संबंध असेल असं बाईंनाही वाटलं नव्हतं.

आपल्याकडे दुकानात 'लव्हबर्ड' म्हणून जे छोटे हिरवे, निळे, पिवळे पक्षी मिळतात ते बहुतेक वेळा बजरीगर, म्हणजे बजी असतात. जोडी आणणं सोपं असतं. तिची पिल्लं वेळीच थांबवली नाहीत, तर त्रास पक्ष्यांनाही होतो आणि घरातल्या माणसांनाही. सुदैवाने हे थांबवणं फारसं अवघड नाही.

पिल्लं इतक्या लवकर का वाढतात?

बजी मूळचा ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या प्रदेशातला. तिथे पाऊस पडला, गवताचं बी भरपूर झालं की हे पक्षी घाईने अंडी घालतात, कारण असे दिवस पुन्हा कधी येतील याचा भरवसा नसतो. आपल्या घरात मात्र दाणे रोज भरलेले, पाणी रोज ताजं, दिवे रात्री अकरापर्यंत चालू, शिवाय पिंजऱ्यात मडकं टांगलेलं. पक्ष्याच्या शरीराला वाटतं, सुगीचा हंगाम संपतच नाही.

मादी साधारण दिवसाआड एक अशी ४ ते ६ अंडी घालते. सुमारे १८ दिवसांनी पिल्लं बाहेर येतात आणि महिना-सव्वा महिन्यात मडक्याबाहेर पडतात. मडकं तसंच ठेवलं तर मादी लगेच पुढच्या अंड्यांना लागते. काही महिन्यांत पिल्लंही वयात येतात आणि भावंडांचीच आपसात जोडी जमते.

मादीचे हाल

अंड्याच्या कवचासाठी लागणारं कॅल्शियम मादीच्या रक्तातून आणि हाडांतून जातं. विणीवर वीण होत राहिली की ती खंगते, हाडं कमजोर होतात आणि कधी अंडं पोटातच अडकतं. अशी मादी पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसते, कुंथते, प्रत्येक श्वासाला शेपटी वरखाली होते, कधी पाय लुळा पडल्यासारखा दिसतो. ही तातडीची अवस्था आहे. पोट दाबून किंवा तेल लावून अंडं काढायचा प्रयत्न करू नका, अंडं आत फुटून मादी दगावू शकते. तिला उबेत ठेवा आणि त्याच दिवशी पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांकडे न्या.

माणसांना काय होतं?

पक्ष्यांच्या पिसांवरची बारीक पूड आणि वाळलेल्या विष्ठेचा चुरा हवेत मिसळतो. त्यातल्या प्रथिनांची काही जणांच्या फुफ्फुसांना ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया येते आणि फुफ्फुसाच्या आतल्या भागाला सूज येते. या आजाराला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. तो पक्षी पाळणाऱ्या प्रत्येकाला होत नाही, आणि ज्याला होतो त्याला एकाच जोडीमुळेही होऊ शकतो. तरी बंद जागेत पक्षी जितके जास्त, तितकी धूळ जास्त.

या आजाराची दोन रूपं दिसतात. पहिलं, पिंजरा साफ केल्यानंतर ४ ते ८ तासांनी ताप, थंडी, अंगदुखी, खोकला आणि धाप. एक-दोन दिवसांत बरं वाटतं आणि आपण 'व्हायरल' म्हणून सोडून देतो. दुसरं रूप हळूहळू येतं: महिनोन्महिने कोरडा खोकला, वाढत जाणारी धाप, थकवा, वजन घटणं. हे दमा किंवा क्षय समजून चुकीचे उपचार होऊ शकतात. धुळीशी संपर्क चालूच राहिला तर फुफ्फुसात कायमचे व्रण तयार होतात आणि ते पुन्हा पूर्ववत होत नाहीत.

हा आजार आपल्याकडे दुर्मीळ नाही. भारतातल्या फुफ्फुसाच्या अशा आजारांच्या १०८४ रुग्णांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जवळपास निम्म्या रुग्णांना हाच आजार होता. त्याची कारणं अनेक असतात. कूलरमधली बुरशी हे एक, पक्षी हे दुसरं.

याशिवाय पोपटवर्गीय पक्ष्यांपासून सिटाकोसिस नावाचा जंतुसंसर्ग होऊ शकतो. त्यात जोराचा ताप, डोकेदुखी आणि कोरडा खोकला असतो. योग्य अँटिबायोटिकने तो बरा होतो, पण डॉक्टरांना घरात पक्षी आहेत हे माहीत हवं.

जोडी न तोडता पिल्लं कशी थांबवायची?

१. मडकं किंवा लाकडी पेटी काढून टाका. सगळ्यात महत्त्वाचा उपाय हाच. झोपायला पक्ष्यांना मडकं लागत नाही, दांडी पुरते. नारळाची करवंटी, कागदाचे कपटे, अंधारा कोपरा यांनाही मादी घरटं मानते, तेही ठेवू नका. तळाशी जाळी असलेला पिंजरा वापरा.

२. रात्र मोठी करा. रोज १२ तास अंधार आणि शांतता द्या. टीव्ही चालू असलेल्या हॉलमध्ये पिंजरा असेल तर संध्याकाळी तो शांत खोलीत हलवा, पण माणसं झोपतात त्या खोलीत नको. हवा खेळती राहील असं कापड टाका.

३. सुगी थांबवा. उकडलेलं अंडं, भिजवलेले किंवा मोड आलेले दाणे हा विणीचा खुराक आहे, तो बंद करा. राळं, बाजरी मोजून द्या, पालेभाजी चालू ठेवा. उपाशी मात्र ठेवू नका. कॅल्शियमसाठी समुद्रफेस पिंजऱ्यात कायम असू द्या.

४. अधूनमधून पिंजऱ्याची जागा आणि आतल्या दांड्या बदला. जागा स्थिर वाटली नाही की वीण लांबते.

५. नर-मादी वेगळे करणं हा शेवटचा उपाय. जमलेली जोडी एकमेकांना शोधत राहते, म्हणून पिंजरे शेजारी, एकमेकांना दिसतील असे ठेवा. नर नसला तरी मादी निर्जीव अंडी घालू शकते, त्यामुळे वरचे चार उपाय तरीही करावे लागतात.

एवढं करूनही मादी अंडी घालतच राहिली तर पशुवैद्य हार्मोनचं इंजेक्शन किंवा इम्प्लांट सुचवू शकतात.

अंडी आधीच घातली असतील तर?

अंडी लगेच उचलून फेकू नका. अंडी नाहीशी झाली की मादी त्यांच्या जागी नवी घालते आणि आणखी थकते. अंडं घातल्याच्या दिवशीच ते काढून त्याजागी प्लॅस्टिकचं नकली अंडं ठेवा, किंवा तेच अंडं उकडून, थंड करून परत ठेवा. तीन आठवडे बसून झालं की ती स्वतःच उठून जाते.

काही घरांत हे पाप वाटतं. मला रुग्णांनी तसं सांगितलं आहे आणि ती भावना मी समजू शकतो. अंडं उबवायला सुरुवात होईपर्यंत त्यात पिल्लाची वाढ सुरू होत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी बदलायचं. तेही मनाला पटत नसेल तर मडकंच ठेवू नका, म्हणजे हा प्रश्नच सहसा येत नाही. अंडी बरेच दिवस उबवली गेली असतील तर ही वीण पूर्ण होऊ द्या आणि पुढची थांबवा.

पिल्लं जास्त झाली म्हणून मोकळ्या हवेत सोडणं ही दया नव्हे. इथे त्यांना अन्न शोधता येत नाही, आणि कावळे, घारी त्यांना सोडत नाहीत. नीट सांभाळणारं घर शोधून द्या.

साफसफाई करताना

पिंजरा कोरडा झाडू नका. आधी पाणी शिंपडा, मग ओल्या फडक्याने पुसा. एन-९५ मास्क लावा, खिडक्या उघडा, हात साबणाने धुवा. लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना या कामापासून दूर ठेवा.

डॉक्टरांकडे कधी जावं?

खोकला तीन आठवड्यांहून जास्त टिकला, चालताना धाप लागू लागली किंवा पिंजरा साफ केल्यावर पुन्हा पुन्हा ताप येत असेल तर थांबू नका. आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी स्वतःहून सांगा: घरात किती पक्षी आहेत, ते कुठे असतात, साफसफाई कोण करतं. गरजेप्रमाणे छातीचा एचआरसीटी आणि श्वासाच्या तपासण्या केल्या जातात. निदान पक्कं झालं तर मास्क आणि स्वच्छता पुरत नाही. पक्षी घराबाहेर द्यावे लागतात, आणि त्यानंतरही घरातली धूळ काही महिने त्रास देऊ शकते.

त्या बाईंनी सगळे पक्षी अंगण असलेल्या एका नातेवाइकांकडे दिले. देताना त्या रडल्या. काही महिन्यांनी खोकला थांबला, पण जिन्यावरची धाप थोडी राहिली आहे. "पहिल्या वर्षीच मडकं काढलं असतं तर?" असं त्यांनी मला विचारलं. तर आजार झालाच नसता असं मी म्हणू शकत नाही. पण इतकी धूळ त्यांच्या छातीत नक्कीच गेली नसती. तुमच्याकडे आज जोडी असेल आणि पिंजऱ्यात मडकं टांगलेलं असेल, तर आत अंडी किंवा पिल्लं नाहीत हे बघून ते आजच काढा.