पळवाटेवरची भुतं

१९५४ साली अमेरिकेतल्या कॉमिक्स प्रकाशकांनी स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली. कॉमिक्समुळे मुलं बिघडतात, ही ओरड थेट सिनेटपर्यंत पोहोचली होती. मग शीर्षकात ‘हॉरर’ शब्द नको, पानांत रक्तपिपासू पिशाच्च नको, चालतं प्रेत नको. भुतांचा धंदाच बसला.

दहा वर्षांनी जेम्स वॉरन या प्रकाशकाला पळवाट सापडली. ही संहिता कॉमिक्सना होती, मोठ्या आकाराच्या मासिकांना नव्हती. १९६४ साली ३५ सेंटचं ‘क्रीपी’ निघालं. मागोमाग ‘ईरी’, आणि १९६९मध्ये ‘व्हॅम्पिरेला’. मुखपृष्ठावर अनेकदा फ्रँक फ्रझेटाची तैलचित्रं, आत मात्र बहुतेक पानांवर रंगाचा थेंब नाही.

मला वाटतं, रंगाचा हा कंजूषपणाच चित्रकारांच्या पथ्यावर पडला. रंगीत कॉमिक्समध्ये रात्र दाखवायला निळा रंग ओतला की भागायचं. इथे अंधार ज्याचा त्यानं घडवायचा. ‘स्पायडरमॅन’ सोडून १९६६मध्ये आलेल्या स्टीव्ह डिटकोनं त्यासाठी वॉश हाताशी धरला. काळी शाई पाण्यानं कमी-जास्त पातळ करायची, कुंचल्यानं थरावर थर चढवायचे, एक वाळल्याशिवाय दुसरा नाही. उजेड हवा तिथे कागद कोरा राखायचा, कारण एकदा गेलेला पांढरा सहज परत येत नाही. पुढे छापखान्यात या करड्या छटांचे बारीक ठिपके होतात, आणि हलक्या कागदावर शाई पसरली की ते एकमेकांत मिसळतात. त्यामुळे मूळ चित्रातली धूसर सावली छापून येताना डांबर होण्याची भीती. आणि गंमत अशी की याच डिटकोनं आर्ची गुडविननं लिहिलेल्या ‘कलेक्टर्स एडिशन’ या कथेत वॉश बाजूला ठेवला. तिथे नुसत्या टाकाच्या रेघांचं जाळं आहे, श्वास कोंडेल इतकं दाट.

मध्ये वॉरनकडे पैशाची ओढाताण झाली, जुन्या कथा पुन्हा छापायची वेळ आली. १९७१पासून बार्सिलोनाच्या एजंटामार्फत स्पॅनिश चित्रकार येऊ लागले. एस्तेबान मारोतो, होसे ओर्तिझ, आणि व्हॅम्पिरेलाला डौल देणारा होसे गोन्झालेझ. काहींच्या पानांत गोष्ट कमी आणि केसांच्या बटाच जास्त, पण त्या बटा बघत राहाव्यात अशा.

१९८३मध्ये वॉरनच्या प्रकाशनसंस्थेचं दिवाळं वाजलं. त्याआधी, १९७४ साली, याच पानांत बर्नी राइटसननं ‘जेनिफर’ या कथेची नायिका काढली होती: सोनेरी केसांची, सुडौल मुलगी. पहिल्यांदा ती पाठमोरी दिसते, तेव्हा वाचकाला तिची दया येते. मग ती चेहरा वळवते.