बाणाची पारख



धनुष्याचे कौतुक सगळे करतात. बाणाकडे मात्र कोणी निरखून पाहत नाही. पण जुन्या जाणत्या माणसाला विचारा. तो सांगेल की धनुष्य साधे असले तरी चालते, बाण खोटा असला तर नेम चुकतोच. बाण कसा निवडावा आणि कसा जुळवावा, हे आम्ही या पाठात सांगणार आहोत.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात गोंड, कोलाम, परधान, आंध असे बांधव राहतात. मारेगाव, झरी जामणी, पांढरकवडा, घाटंजी, राळेगाव या भागांत कोलामांचे पोड आहेत. बांबूचे काम करावे तर कोलामांनी. टोपली, तट्टा, घराची कुडाची भिंत, सगळे त्यांच्या हातचे. अशा घरांतून बांबूचा कमठा आणि बाण पूर्वी असायचेच. कमठ्याची दोरीसुद्धा बांबूच्या सालीची.

शिकार बंद, मग बाण कशाला?

तुम्ही विचाराल, "गुरुजी, शिकार तं बंद झाली. मंग बाण कायले करायचा?"

प्रश्न रास्त आहे. आधी त्याचेच उत्तर देतो.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्या कायद्याने रानातल्या जनावरांची शिकार गुन्हा ठरली. आपल्या जिल्ह्यात टिपेश्वर आणि पैनगंगा ही अभयारण्ये आहेत. अभयारण्यात शिकार केली, तर कमीत कमी ३ वर्षे आणि जास्तीत जास्त ७ वर्षे कैद होते. वर दंड २५,००० रुपयांपेक्षा कमी नाही. कमावता माणूस तुरुंगात गेला म्हणजे घर उघडे पडले. एका सशासाठी किंवा डुकरासाठी हा सौदा कोण करील?

काही जण म्हणतात, "आमाले वनहक्क मिळाला आहे." हे खरे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू, मोह, तेंदू यांवर रानात राहणाऱ्यांचा हक्क मानला आहे. पण त्याच कायद्यात लिहिले आहे की शिकारीचा हक्क यात येत नाही. कागद नीट वाचावा तो याचसाठी. अर्धे ऐकून माणूस फसतो.

रोही आणि रानडुक्कर पीक खातात, तेव्हा जीव जळतो. ते आम्ही जाणतो. त्यावर उपाय बाण नव्हे. नुकसान झाले की उशीर न करता वनखात्याकडे अर्ज द्यावा, पंचनामा करून घ्यावा. भरपाई मिळण्याचा रस्ता तोच.

मग बाण कशाला? तर खेळासाठी. आपल्या देशात तिरंदाजीच्या स्पर्धांत 'इंडियन राउंड' नावाचा एक प्रकार आहे. त्यात बांबूचे धनुष्य चालते. ३० मीटर आणि ५० मीटर अंतरावरून निशाण साधायचे असते. राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यातले लिंबा राम हे आदिवासी घरातले. लहानपणी ते बांबूच्या धनुष्यानेच नेम धरायला शिकले. पुढे ते १९८८, १९९२ आणि १९९६ अशा तीन ऑलिंपिकांत भारताकडून खेळले. १९९२ साली बीजिंगला त्यांनी ३० मीटरवर जागतिक विक्रमाची बरोबरी केली. आपल्या विदर्भातला, नागपूरचा ओजस देवतळे २०२३ साली बर्लिनला जगज्जेता झाला. त्याचे धनुष्य नव्या यंत्रासारखे होते. पण बाणाचा नियम दोघांनाही एकच. तो नियम आता पाहू.

बाण सरळ जातो, पण वाकत जातो

ऐकून नवल वाटेल. बाण सुटतो तेव्हा तो सापासारखा वळवळत जातो. डोळ्यांना ते दिसत नाही, इतके ते झटपट होते.

असे का होते? बाण धनुष्याच्या मधोमध नसतो, बाजूला टेकलेला असतो. दोरी मागून जोराने ढकलते. पुढचे टोक जड असल्याने लगेच हलत नाही. म्हणून मधली काडी वाकते. वाकलेला बाण धनुष्याच्या मुठीला वळसा घालून निघतो आणि मग सरळ होतो.

आता ध्यानात घ्या. काडी फार ताठ असली तर ती वाकत नाही. मुठीला घासून बाजूला जाते. काडी फार लवचिक असली तर जास्त वाकून दुसऱ्या बाजूला जाते. म्हणून काडीचा ताठपणा धनुष्याच्या जोराला जुळला पाहिजे. बैलाच्या मानेला जू जुळावे लागते, तसेच हे.

काडी कशी निवडावी

बांबू तीन-चार वर्षांचा, पक्का घ्यावा. कोवळा बांबू वाळल्यावर आक्रसतो आणि वाकडा होतो. पावसाळा संपल्यावर, थंडीत तोडलेला बांबू चांगला. त्या दिवसांत त्यात गोडवा कमी असतो, म्हणून कीड कमी लागते. तोडल्यावर सावलीत वाळवावा. उन्हात टाकला तर तडकतो.

काडी विस्तवावर शेकून सरळ करतात. डोळ्यासमोर धरून, फिरवून पाहावी. वाकडे दिसेल तिथे शेकून, दाबून, थंड होईपर्यंत तशीच धरून ठेवावी. गाठी घासून गुळगुळीत कराव्यात. बुडाकडची जाड बाजू टोकाकडे ठेवावी. दोरीची खाच पाडायची ती गाठीच्या अगदी जवळ, म्हणजे दोरीच्या धक्क्याने काडी चिरत नाही. खाचेखाली दोरा घट्ट गुंडाळावा.

ताठपणा कसा मोजावा

आधी धनुष्याचा जोर मोजा. धनुष्य खुंटीला अडकवा. दोरीला ताणकाटा लावा. बाण मारताना दोरी जितकी ओढता, तितकीच ओढा. काटा जे किलो दाखवील, तो धनुष्याचा जोर.

मग एका फळीवर दोन खिळे ठोका. दोन्हींमध्ये ६६ सेंटिमीटर अंतर ठेवा. खिळ्यांवर काडी आडवी ठेवा. मधोमध ९०० ग्रॅम वजन टांगा. काडी मध्ये किती खाली झुकली ते पट्टीने मोजा.

धनुष्याचा जोर १४ किलो असेल, तर झुकाव सुमारे २.२ सेंटिमीटर असावा.
जोर १८ किलो असेल, तर सुमारे १.६ सेंटिमीटर.
जोर २३ किलो असेल, तर सुमारे १.३ सेंटिमीटर.

हा हिशोब लाकडी बाणांसाठी बसवलेला आहे. बांबूला तो सुरुवात म्हणून चालतो. शेवटचा निवाडा निशाणावरच होतो.

वजन, तोल आणि पिसे

एका जोडीतले सगळे बाण सारख्या वजनाचे हवेत. सोनाराच्या काट्यावर तोलून घ्यावेत. एक जड, एक हलका असला, तर एक खाली लागेल आणि एक वर.

तयार बाण बोटावर आडवा तोलून पाहा. तोलाची जागा मधल्या खुणेपासून टोकाकडे सुमारे चार बोटे असावी. टोक हलके असले तर बाण भरकटतो. फार जड असले तर लवकर खाली येतो.

पिसे तीन लावावीत. तिन्ही एकाच बाजूच्या पंखाची घ्यावीत. डाव्या आणि उजव्या पंखाच्या पिसांचा वळसा वेगळा असतो. पूर्वी मोराची, गिधाडाची पिसे लावत. आता पक्षी मारून पिसे घेणे गुन्हा आहे, आणि गिधाडे तर दिसेनाशी झाली आहेत. गुरांना टोचायच्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे ती मेली. २००६ साली ते औषध गुरांसाठी बंद झाले. आपण कोंबड्याची किंवा बदकाची पिसे वापरावीत. पिसाचे पुढचे टोक दोऱ्याने बांधून टाकावे, नाही तर ते बाण सुटताना हात कापते.

बाण जुळवावा कसा

पोत्यात कडबा ठासून भरा. मागे मातीचा बांध असावा. दहा पावलांवर उभे राहा. पिसे लावलेले तीन बाण मारा. मग त्याच जोडीतला, पिसे न लावलेला एक बाण मारा. पिसे बाणाची चूक झाकतात. बिनपिसाचा बाण खरे बोलतो.

धनुष्य डाव्या हातात आणि बाण धनुष्याच्या डाव्या अंगाला आहे असे समजा.

बिनपिसाचा बाण डावीकडे लागला, तर काडी ताठ आहे. काडी थोडी तासा, किंवा टोक जरा जड लावा.

उजवीकडे लागला, तर काडी लवचिक आहे. पुढून थोडी कापून आखूड करा, किंवा टोक हलके लावा. मात्र पूर्ण ओढल्यावर टोक हाताच्या पुढेच राहील इतकी लांबी ठेवा.

बाणाची शेपटी वर राहून तो रुतला, तर दोरीवर बाण लावायची खूण थोडी खाली घ्या. शेपटी खाली राहिली, तर खूण वर घ्या.

एका वेळी एकच फरक करा. दोन फरक एकदम केले, तर कोणत्याने गुण आला ते कळत नाही.

जीव सांभाळा

मारण्याआधी प्रत्येक बाण हळूच वाकवून पाहा. चीर दिसली, कुरकुर ऐकू आली, तर तो बाण मोडून चुलीत घाला. चिरलेला बाण सुटताना फुटतो आणि हातात घुसतो. बाण न लावता दोरी ओढून सोडू नये, धनुष्य फुटते. आभाळाकडे बाण मारू नये. समोर आणि मागे माणूस, पोर किंवा गुरू नाही हे पाहूनच हात उचलावा. लहान मुलांना मोठ्या माणसाशिवाय धनुष्य देऊ नये.

करून पाहा

१. घरात जुना बाण असेल तर तो बोटावर तोला. तोलाची जागा कुठे येते?

२. आपल्या पोडावर, गावात बाण करणारे म्हातारे बाबा असतील, तर त्यांच्याजवळ बसा. काडी कशी शेकायची ते विचारा आणि वहीत लिहून घ्या. त्यांना लिहिता येत नसेल, तुम्हाला आता येते.

३. नेमाची आवड असलेला मुलगा किंवा मुलगी गावात असेल, तर शाळेच्या गुरुजींना भेटा. तालुक्याला तिरंदाजीच्या स्पर्धा कधी होतात, याची चौकशी करा.