आंतरवंशीय विवाह आणि अपत्याची ओळख

भिन्न वंशांच्या स्त्री-पुरुषांच्या विवाहास आंतरवंशीय विवाह म्हणतात. अशा दांपत्याचे अपत्य नेमके कोणाचे, असा प्रश्न समाज हमखास विचारतो. या दृष्टीने सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे उदाहरण बोलके आहे. १९३८ मध्ये ते भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. १९४१ मध्ये त्यांनी तेथील परिचारिका गुओ छिंगलान यांच्याशी विवाह केला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये झालेल्या मुलाचे नाव ‘यिनहुआ’ ठेवण्यात आले. ‘यिन’ म्हणजे भारत व ‘हुआ’ म्हणजे चीन. त्याच वर्षी ९ डिसेंबरला कोटणीस निवर्तले. मूल चिनी समाजातच वाढले. पित्याचा देश मात्र त्याच्या नावात कायम राहिला. १९६७ मध्ये यिनहुआही अकाली वारला. अपत्य कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या नावातच होते: दोन्ही देशांचे.