दाढ दाखवायला जाल तेव्हा गालही दाखवा

पनवेलमध्ये काय किंवा कुठेही काय, दाताच्या डॉक्टरकडे माणूस जातो तो दाढ ठणकल्यावर. तोंडाच्या कर्करोगाची खरी अडचण इथेच आहे : सुरुवातीला तो ठणकत नाही. गालाच्या आत, खालच्या दाढांपाशी, जिथे तंबाखूची चिमूट तासन्‌तास दाबलेली असते तिथे एक पांढरा चट्टा उमटतो. तो पुसून जात नाही, पण जेवताना टोचतही नाही. घरच्या आरशात तो सहसा दिसत नाही. खुर्चीवरच्या दिव्याखाली, गाल बाजूला ओढल्यावर दिसतो.

ही तपासणी दोन-तीन मिनिटांची. ओठ उलटून बघायचे, दोन्ही गाल, टाळू, मग जीभ गॉजने धरून एकेका बाजूला ओढायची, कारण तिच्या कडा आणि तिच्याखालची जागा एरवी नजरेआडच राहते. शेवटी जबड्याखाली आणि मानेला गाठी चाचपायच्या. पांढऱ्यापेक्षा मखमलीसारखा लाल चट्टा जास्त काळजीचा.

काही वेळा तक्रार असते, पण ती भलतीच वाटते. ‘हल्ली तिखट फार झोंबतं,’ असं गुटखा खाणारा विशीतला मुलगा सांगतो आणि घरचे ते उष्णतेवर ढकलतात. सुपारीमुळे गालाचं मऊ अस्तर आतून ताठ, पांढुरकं होत जातं. याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. तोंड हळूहळू कमी उघडतं. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांमधून आत जात नसतील, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. 1952 मध्ये श्वार्ट्‌झ यांनी केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये या विकाराची नोंद केली आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशींनी तो आपल्याकडेही दाखवून दिला. ‘मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी,’ हे समाधान खोटं आहे. नुसत्या सुपारीनेही कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये स्पष्ट केलं. मशेरीचंही तेच : ती भाजलेली तंबाखूच. दात घासायची म्हणून कित्येक बायका तिला व्यसनात धरतच नाहीत. म्हणून डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का?’ एवढंच विचारून थांबू नये. मशेरीचं नाव घेऊन विचारावं.

डोळ्यांनी बघण्याने एवढं साधतं का? साधतं. डॉ. फली मेहता यांच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधन गटाने पुणे जिल्ह्यातल्या 1,01,761 गावकऱ्यांची तोंडं तपासली; तो अभ्यास 1972 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे तिरुअनंतपुरम जिल्ह्यात 1996 पासून प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन तोंडं पाहिली. ते डॉक्टर नव्हते. हाताशी उजेड होता आणि शिकवलेली नजर होती. 2005 मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्यांत या कर्करोगाचे मृत्यू 34 टक्क्यांनी कमी झालेले दिसले. कार्यकर्त्यांना हे जमलं, तर पाच वर्षं दंतवैद्यक शिकलेल्या माणसाने फक्त किडलेली दाढ पाहून खुर्ची रिकामी करावी, हे मला पटत नाही.

पनवेल तालुक्यातच, खारघरला, टाटा मेमोरिअलचं ॲक्ट्रेक हे कर्करोग केंद्र आहे. उपचार इतके जवळ असूनही रुग्ण उशिरा पोहोचला तर काय उपयोग? कधी उशीर दवाखान्यातच होतो. कारण नसताना दात हलू लागला, न बघता उपटला आणि ती जागा महिनोन्‌महिने भरलीच नाही. दात हलत होता तो आतल्या गाठीमुळे. कधी रुग्ण मागे हटतो. ‘तुकडा काढला की पसरतो’ ही भीती घरोघर आहे. तुकडा काढल्याने कर्करोग पसरत नाही. न काढता घालवलेल्या महिन्यांत वाढतो. बायॉप्सी म्हणजे जागा बधिर करून काढलेला छोटासा नमुना.

प्रत्येक जखम कर्करोग नसते, हेही तितकंच खरं. टोकदार दात घासून जीभ सोलते. तो दात गुळगुळीत करायचा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बघायचं. तोवर जखम भरली तर प्रश्न मिटला. नाही भरली, तर त्याच दिवशी बायॉप्सीसाठी चिठ्ठी. म्हणून ती दोन आठवड्यांनंतरची तारीख कागदावर लिहून, रुग्णाचा फोन नंबर घेऊन ठेवावी. दुखणं थांबलेला माणूस सहसा आपणहून परत येत नाही. त्याला फोन करावा लागतो.