एका पंगतीत 13,000 वर्षं

लग्नाची 520 पानांची पंगत डोळ्यांपुढे आणा. पहिल्या पाटावर आजची एक मुलगी, शेजारी तिची आई, मग आजी, मग पणजी. पिढीला 25 वर्षं धरली, तर शेवटच्या पाटावरची बाई 13,000 वर्षांपूर्वीची. शिवराज्याभिषेकाच्या काळातली बाई या पंगतीत पंधराव्या पाटावर येते, ज्ञानेश्वर माउलींच्या काळातली तिसाव्या.

आता हीच पंगत उत्तर अमेरिकेच्या ग्रेट प्लेन्सवर मांडू. कॅनडापासून टेक्ससपर्यंत, रॉकी पर्वताच्या पूर्वेला पसरलेलं हे गवताळ मैदान महाराष्ट्राच्या सुमारे नऊपट आहे. तिथला मूळ रहिवासी म्हटलं की आपल्याला घोडेस्वारच दिसतो. पण स्पॅनिश लोकांनी आणलेले घोडे मैदानातल्या जमातींच्या हाती आले ते 17व्या शतकात. म्हणजे घोडेस्वारी पाहिलेल्या बायका पहिल्या पंधराएक पाटांवरच संपतात. बाकीच्या 500 जणींच्या घरची माणसं पायीच शिकारीला गेली.

आणि केवढी शिकार! कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या हेड-स्मॅश्ड-इन कड्यावरून माणसं बायसनचे कळप खाली लोटत. बायसन म्हणजे आपल्या गव्याचा भाऊबंद. हे सुमारे 6,000 वर्षं चाललं, म्हणजे साधारण 240 पाट. कड्याखाली साचलेल्या हाडांचे थर काही ठिकाणी 11 मीटर खोल आहेत. तीन मजली इमारत पुरली जाईल एवढे.

पण पंगतीच्या शेवटच्या पाटांचा पत्ता लावून दिला तो एका गुराख्यानं. ऑगस्ट 1908 मध्ये न्यू मेक्सिकोत फॉल्सम गावाजवळ पूर आला. त्यानंतर जॉर्ज मॅकजंकिनला ओहोळाच्या कापल्या गेलेल्या काठात हाडं दिसली. गुलामीत जन्मलेल्या या कृष्णवर्णीय माणसानं ओळखलं, की ही हाडं आजच्या बायसनपेक्षा मोठ्या जनावराची आहेत. तो भेटेल त्याला सांगत राहिला. 1922 मध्ये तो वारला आणि उत्खनन सुरू झालं 1926 मध्ये. ऑगस्ट 1927 मध्ये बरगड्यांच्या मधोमध एक दगडी पातं जागच्या जागी सापडलं. बोटाच्या दोन पेरांएवढं, दोन्ही अंगांना मधोमध पन्हळ काढलेलं, कोणाच्या तरी भाल्याचं. माणूस अमेरिकेत जेमतेम काही हजार वर्षांपूर्वी आला, असं मानणाऱ्या विद्वानांना त्या पात्यापुढे मान तुकवावी लागली, कारण तो बायसन हिमयुगाच्या अखेरीचा होता. शोधाचं पहिलं श्रेय मी मॅकजंकिनलाच देईन.

पुढे कार्बन-14 चं मोजमाप आलं. दर 5,730 वर्षांनी हा कार्बन निम्मा होतो. 13,000 वर्षांनी हाडात मूळच्या कार्बनचा जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. तेवढ्यावर फॉल्समची शिकार 12,000 वर्षांहून जुनी ठरली आणि मॅमथच्या हाडांबरोबर सापडलेली क्लोव्हिस नावाची पाती 13,000 वर्षांपूर्वीची, म्हणजे आपल्या शेवटच्या पाटावरची.

पण पंगत तिथं संपत नाही. 2021 मध्ये न्यू मेक्सिकोतल्याच व्हाइट सँड्समध्ये, मैदानापासून फार लांब नाही, मानवी पाऊलखुणांचं वय 21,000 ते 23,000 वर्षं निघालं. म्हणजे आणखी 400 पाट मांडायला हवेत. आणि त्या खुणांमध्ये सर्वात जास्त पावलं मुलांची आणि पोरवयातल्यांची आहेत.