‘मायसेल्फ’मधला ‘मी’

मराठी शाळेत इंग्रजी शिकलेल्या बहुतेकांनी ‘मायसेल्फ’ हा निबंध कधी ना कधी लिहिलेला असतो. नाव, वय, इयत्ता, वडील काय करतात, छंद कोणता, मोठेपणी कोण होणार. दहा ओळींत माणूस संपतो. गंमत अशी, की चाळीस मुलांच्या वर्गात नाव तेवढे बदलते, बाकी चाळीसही जण एकच असतात. शहरातल्या मुलाचे यात फारसे बिघडत नाही, कारण तो निबंध त्याच्याच घरावर बेतलेला असतो. पण मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्यासारख्या गावातला नववीतला मुलगा तो पाठ करतो, तेव्हा इंग्रजीत शिरताना आधी स्वतःलाच दाराबाहेर ठेवतो.

जव्हार-मोखाड्याच्या या डोंगरपट्ट्यात घरी वारली, कोकणा, ठाकर, कातकरी अशा बोली. शाळेतली प्रमाण मराठी हीच त्या मुलाची दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. म्हणजे नववीपर्यंत आठ वर्षे ही भाषा कानावरून गेलेली असते. पण त्या भाषेत स्वतःविषयी खरे असे एक वाक्य बोलायला सांगा, मुले खाली बघतात.

शब्द नसतात म्हणून? नागलीचेच घ्या. घरी नागली, पुस्तकात नाचणी, शहरातल्या दुकानात रागी आणि इंग्रजीत फिंगर मिलेट. एकाच भाकरीची चार नावे मुलाला ठाऊक झाली, तर त्याने भाषेचा मोठाच धडा गिरवला. नायजेरियाच्या चिनुआ अचेबे यांनी ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ ही कादंबरी १९५८ मध्ये इंग्रजीत लिहिली, तेव्हा कित्येक इग्बो शब्द तसेच ठेवले. जगाने ते शिकून घेतले. मग मोखाड्याच्या मुलाने इंग्रजी वाक्यात ‘तारपा’ किंवा ‘कणसरी’ लिहिले, तर त्याखाली लाल रेघ कशासाठी?

आणि व्याकरण? तेही इथेच सापडते. ‘आय लिव्ह इन पोशेरा’ हे वाक्य अचूक आहे, पण पुरेसे नाही. भातकापणी झाली, दिवाळी सरली, की या भागातली कितीतरी कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. मूल आश्रमशाळेत, आई भट्टीवर. ‘तू कुठला?’ या प्रश्नाला इथे महिन्यागणिक वेगळे उत्तर असते, आणि ते नीट सांगायचे तर साधा वर्तमानकाळ पुरत नाही. भूतकाळाचा तास तर सरकारनेच सोपा करून ठेवला आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्यामुळे आज दहावीत असलेला मुलगा जन्मला ठाणे जिल्ह्यात आणि राहतो पालघर जिल्ह्यात. गाव मात्र जागचे हललेले नाही. उभयान्वयी अव्ययासाठीही फार लांब जायला नको. मुंबईला पाणी देणारे मध्य वैतरणा धरण याच तालुक्यात कोचाळे येथे आहे, आणि याच तालुक्यात उन्हाळ्यात पाड्यांवर टँकरची वाट पाहतात. ही दोन वाक्ये ‘बट’ने जोडा, म्हटले की ‘बट’ जन्मभर विसरणार नाही!

ही काही नवी युक्ती नव्हे. न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया अॅश्टन-वॉर्नर यांनी माओरी मुलांना शिकवताना आयती पुस्तके बाजूला ठेवली. प्रत्येकाला ‘तुला आज कोणता शब्द हवा?’ असे विचारून तो कार्डावर लिहून दिला. त्यांचे ‘टीचर’ १९६३ चे. ती मुले अगदी लहान होती हे खरे. पण आपल्याकडे त्याआधीच, १९४५ मध्ये, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला आल्या, पुढे कोसबाडला गेल्या, आणि मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच अंगणात आणि गुरांमागे कुरणात नेली. बोर्डी-कोसबाड आजच्या पालघर जिल्ह्यातच येतात. हायस्कुलातल्या इंग्रजीच्या तासाला तेवढे चालायचेही नाही. मुलाचे अंगण वहीत आले तरी पुष्कळ.

दोन गोष्टी मात्र सांभाळायला हव्यात. ‘आपल्या घराविषयी लिहा’ हा हुकूम होता कामा नये. घरातले कर्ज, बापाचे व्यसन, उपासमार हे वर्गात उघडे करायचे की नाही, ते मुलाने ठरवावे. दुसरे, आदिवासी मूल म्हणजे तारपा आणि वारली चित्रे, असाही एक नवा साचा आता तयार होतो आहे. एखाद्याला क्रिकेटवर किंवा मोबाइलवर लिहायचे असेल, तर तोही तोच ‘मी’ आहे. राहता राहिली बोर्डाची परीक्षा. तिथे ठरावीक नमुन्यातले पत्र आणि उतारा येणारच, त्याचा सरावही हवाच. मास्तरांची ओढाताण इथेच होते. पण स्वतःचे एक पान लिहू शकणाऱ्याला नमुना आठवड्यात शिकवता येतो. उलटे सहसा घडत नाही.

एक स्वाध्याय सुचवतो. मोखाड्याकडचा रात्र-रात्र चालणारा बोहाडा मुलांनी पाहिलेला असतो. त्यातली काही सोंगे ठरावीक घरांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असतात. तुमच्या घरात किंवा शेजारी कोणते सोंग आहे, कोण नाचवतो, केव्हापासून? ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ यांतला फरक त्यात आपोआप येतो. उत्तर घरी विचारून आणायचे. आणि घर त्या दिवसांत भट्टीवर असेल, तर मंडळी परत येईपर्यंत वहीतली ती ओळ कोरी सोडायची.