पुराचे पाणी आणि भरतीचे पाणी

कोकणात सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतचे अंतर फार थोडे आहे. म्हणून रोह्याची कुंडलिका, नागोठण्याची अंबा व पेणची भोगावती या नद्या डोंगरातील मुसळधार पावसाचे पाणी काही तासांतच खाडीशी आणून पोहोचवितात. नेमकी त्याच वेळी भरती असेल, तर नदीला मुखाशी वाट मिळत नाही. पाणी मागे तुंबते व काठावरील वस्त्यांत शिरते. जुलै १९८९ मध्ये अंबेच्या महापुराने जांभूळपाडा व नागोठणे येथे केलेला संहार जुन्या पिढीच्या स्मरणात आहे.

या संकटावर अभियांत्रिकीचे मार्ग मुख्यतः तीन आहेत. पहिला, पाणी वरच अडविणे. पेणजवळील हेटवणे धरणामुळे सिंचन व पाणीपुरवठा होतो. परंतु कोणतेही धरण पूर थोपविते ते त्यातील रिकाम्या जागेच्या प्रमाणात. सिंचनाला भरलेला जलाशय हवा, पूरनियंत्रणाला रिकामा. हा मेळ घालणे हेच खरे कौशल्य होय. कुंडलिकेत तर १९२७ पासून भिरा वीजकेंद्रातून मुळशीचे पाणीही उतरते. उन्हाळ्यात ते वरदान ठरते. पावसाळ्यात मात्र विसर्गाची पूर्वसूचना वेळेवर मिळणे अगत्याचे असते.

दुसरा मार्ग नदीला तिची जागा देणे. गाळ काढणे व काठ बांधून घेणे याबरोबरच पूररेषा पाळणे त्यात येते. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल.

तिसरा मार्ग आपल्या पूर्वजांचा, खारबंदिस्तीचा. बांधातील उघाडीची झडप खाडीच्या बाजूस असते. भरतीच्या दाबाने ती आपोआप मिटते. ओहोटीला आतील पाण्याच्या रेट्याने उघडते. झडप अडकली किंवा बांधाला खांड पडली, की खारे पाणी भातशेतीत शिरते आणि जमीन पुढील काही वर्षे नापीक होते. पूर्वी शेतकरी एकत्र श्रम करून हे बांध राखीत. १९४८ च्या खारजमीन कायद्याने शासन या कामात उतरले. तथापि गावाची नजर हटली, की बांध खचू लागतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. दामोदरच्या १९४३ च्या पुरानंतर आखलेल्या बहुउद्देशीय योजनेला त्यांनी दिशा दिली. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटक येथील परिषदेत त्यांनी केवळ बांध घालून पूर रोखण्याच्या विचाराची मर्यादा दाखविली. पाणी हा शत्रू नसून साठवून लोकांच्या उपयोगी आणावयाचे धन आहे, ही त्यांची दृष्टी होती.

आपल्या शाळेचे अनेक विद्यार्थी याच नद्यांच्या काठी वाढले. त्यांनी घरासाठी जागा घेण्यापूर्वी पूररेषेचा नकाशा पाहावा आणि मृगापूर्वी गावाची उघाडी एकदा तपासून घ्यावी. पुरात सर्वप्रथम बुडते ते सखल जागी राहणाऱ्या गरिबाचे घर. त्याचे रक्षण या साध्या दक्षतेपासून सुरू होते.